छातीतली तार

रंगरावांची गळाभेट एकदा घेतलेला माणूस दुसऱ्या वेळी आधी खिशातला चष्मा काढून बाजूला ठेवायचा, अशी त्यांची वडनेर भोलजीत ख्याती होती. दसऱ्याला सोनं द्यायला निघाले की निम्म्या गावाच्या बरगड्या मोजूनच घरी परतायचे. दोन्ही हात पसरायचे, समोरच्याला छातीशी ओढायचं आणि पाठीवर असे दणके घालायचे की पलीकडच्या गल्लीत कोणी ताडपत्री झटकतंय असं वाटावं. बांधाची कुरबुर असो की पाण्याच्या पाळीचं भांडण, या माणसाने सगळं आयुष्यभर छातीवरच मिटवलं.

आणि तोच माणूस गेल्या दसऱ्याला ओट्यावर खुर्ची टाकून, छातीवर दुपट्ट्याची घडी धरून बसला होता. लोक यायचे, आपट्याची पानं हातातल्या हातात द्यायचे आणि मागे सरायचे. खोटं कशाला बोला, पाहवत नव्हतं.

झालं होतं असं, की त्याच्या आदल्या वर्षी, पोळ्याच्या जरा आधी, रंगरावांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, "छातीचं हाड मधोमध कापलं होतं, ते आता तारेने बांधून दिलंय. तीन महिने जड उचलू नका, पुढे हळूहळू सगळं करा." बाकीची वाक्यं घरच्यांच्या लक्षात राहिली. रंगरावांच्या लक्षात राहिली फक्त तार.

आता तार म्हटल्यावर डॉक्टरच्या डोळ्यांपुढे काय येतं ते डॉक्टर जाणे. रंगरावांच्या डोळ्यांपुढे आली ती नाल्याकाठच्या वावराच्या कुंपणाची. पहिल्या पावसाळ्यात ती लाल होते, दुसऱ्यात फुगते, तिसऱ्यात हात लावला की तुकडा हातात येतो. जन्मभर त्यांनी ती तार बदलली होती, त्यांना काय कोणी तार शिकवावी! तेव्हा गड्याने मनाशी पक्कं केलं, की छातीला पाणी लागू द्यायचं नाही आणि ताण पडू द्यायचा नाही. आंघोळीला बसले की खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पन्नी छातीला गुंडाळायची. टाके सुकले, खपल्या पडल्या, दुसरा पावसाळा आला, पन्नी काही सुटेना.

"अवो, सोयाबीनची गंजी झाकून राह्यले का?" बायको सत्यभामाबाई म्हणायच्या. रंगराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. विचारायचं तरी कोणाला? विचारलं म्हणजे उत्तर येणार, आणि उत्तर "हाव, गंजते" असं आलं तर मग रात्री झोपायचं कसं? त्यापेक्षा पन्नी बरी.

पण अंग काही असं झाकून ठेवायची वस्तू नव्हे. न हलवलेला, न चोळलेला वण गळ्याखालून बेंबीच्या दिशेने चांगला टणक दोरखंड होऊन बसला. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शिंक आली की डोळ्यांत पाणी. कुशीवर वळायचं तर आधी देवाचं नाव घ्यायचं. खांदे पुढे आले, पाठीला पोक आला, आणि हाक मारली तर मान न वळवता अख्खे रंगराव वळू लागले.

तेही चाललं असतं म्हणा. खरं दुखणं वेगळंच होतं, ते प्राचीचं.

प्राची त्यांची एकुलती एक पोर, बुलढाण्याला नोकरीला. लहानपणापासून बापाच्या छातीवर डोकं टेकल्याशिवाय घरात आल्यासारखं तिला वाटायचं नाही. दवाखान्यातून रंगराव घरी आले त्या दिवशी ती दारातूनच धावत आली आणि तिने मिठी मारली. रंगराव असे ओरडले की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उभी राहिली. "सोड! सोड! तुटलं!"

काही तुटलं नव्हतं. ताजी जखम होती, दुखली. पण पोरीचा चेहरा पांढरा पडला. तेव्हापासून ती सुट्टीत घरी आली की उंबऱ्याच्या आत येऊन दोन हात अंतरावर थांबायची, "कसे आहात बाबा?" विचारायची आणि बॅग घेऊन आत जायची. रंगरावांना रोज वाटायचं की हिला जवळ बोलवावं. पण तारेचा भरवसा नव्हता, आणि भरवसा नाही हे सांगायची लाज होती. बाप असला म्हणून पोरीला "ये, गळ्यात पड" असं म्हणता येतं का? ते आपोआप व्हावं लागतं. आपोआप होणारी गोष्ट एकदा थांबली की ती पुन्हा सुरू करायला फार जोर लागतो.

त्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा खामगावचा, हर्षल नावाचा, गुणी. त्याचे वडील वामनराव यांचं सरकी-ढेपेचं दुकान, आणि तरुणपणी आखाड्यात मुरलेलं शरीर. बैठकीत नुसते मांडी घालून बसले तरी सतरंजीवर तिघांची जागा जायची. आणि आमच्याकडे व्याहीभेट म्हणजे काय असतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला रंगरावांनी तिचा धसका का घेतला ते सांगायला नको. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. वरात मांडवाच्या दारी आली की मुलाचा बाप आणि मुलीचा बाप एकमेकांना कडकडून भेटतात, आणि जो दुसऱ्याला जमिनीवरून उचलतो त्याच्या बाजूचे लोक शिट्ट्या मारतात. वामनरावांनी थोरल्या मुलाच्या लग्नात व्याह्याला उचलून असं गरकन फिरवलं होतं की त्या बिचाऱ्याचा फेटा एकीकडे आणि चप्पल एकीकडे पडली.

"सांगून टाका त्याहिले, ऑपरेशन झालं म्हणून," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"पोरीचा बाप फुटका हाय म्हणून सांगू?" रंगराव उसळले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. ते काही नाही."

"मंग त्या दिवशी काय करान? भेटीले नाही म्हणान? चार गावचे पाहुणे पाहातीन."

एका बाजूला वामनरावांची मिठी, ती टाळता येत नव्हती. दुसऱ्या बाजूला पोरीची, ती मिळत नव्हती. आणि मधे ती मेली तार.

वाट दाखवली शेजारच्या बेबीताईंनी. त्यांचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं. पोटावरचा वण असा ओढायचा की बाईला खाली बसून भाजी निवडता येत नव्हती. आता चांगली मांडी घालून बसत होत्या. "नांदुऱ्याले प्रेरणा म्हणून एक फिजिओची डॉक्टरीण हाय," त्यांनी सत्यभामाबाईंना सांगितलं. "वणालेच मालीश करते. सुरुवातीले मले वाटे, टाके उसवन ही पोरगी. पण हात असा हलका की झोप लागते."

सत्यभामाबाईंनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. लग्नाच्या साड्या पाहायच्या म्हणून नांदुऱ्याला नेलं आणि साड्यांच्या दुकानाआधी त्या दारात नेऊन उभं केलं. रंगरावांनी पाटी वाचली, बायकोकडे पाहिलं, पण तोवर आतून "या काका" अशी हाक आली. हाकेला माघार घेणाऱ्यांतला हा माणूस नव्हता.

प्रेरणा तिशीची असेल नसेल. तिने आधी दवाखान्याचे सगळे कागद पाहिले, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावून विचारून घेतलं, आणि मग म्हणाली, "काका, सदरा काढा."

रंगरावांनी छातीवरचा दुपट्टा आणखी घट्ट धरला. परक्या पोरीसमोर सदरा काढायचा!

"वावरात दिवसभर उघडे राह्यता तवा लाज नाही वाटत ते?" सत्यभामाबाई म्हणाल्या. सदरा निघाला.

प्रेरणाने हात चोळून गरम केले आणि वणावर दोन बोटं ठेवली. चोळलं नाही, दाबलं नाही, नुसती ठेवली. मग कातडी अगदी थोडी वर सरकवून पाहिली, थोडी खाली, थोडी बाजूला. काही ठिकाणी ती सरकत होती. मधे चार-पाच बोटांच्या पट्ट्यात जागची हलत नव्हती.

"जखम मस्त भरली हाय," ती म्हणाली. "पण वरचं कातडं खालच्या थराले चिकटून बसलं. ते एकमेकांवरून सरकलं पाह्यजे, तवा हात वर जाईन. होईन मोकळं, वेळ लागन. पण काका, एक सांगा. बाकी अंग कसं निर्मळ हाय, अन् इथंच कातडं एवढं कोरडं, सालपटं निघालेलं काऊन?"

रंगराव छताकडे पाहू लागले.

"पन्नी बांधून आंघोळ करतेत," सत्यभामाबाईंनी चुगली केली.

"काऊन बरं?"

रंगरावांना वाटलं, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. छातीवर त्या पोरीची बोटं तशीच होती, आणि का कोण जाणे, त्या बोटांखाली खोटं बोलवेना.

"तार गंजन म्हणून," ते म्हणाले.

सत्यभामाबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण हसू काही कोंबलं जाईना. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मधेच ते पाणी हसण्याचं की दुसऱ्या कशाचं हे त्यांचं त्यांनाही कळेना. दीड वर्ष हा माणूस शेजारी झोपून एकटाच हे भय घेऊन राहिला! "अवो माय," त्या म्हणाल्या, "मले तं सांगायचं होतं!"

प्रेरणा हसली नाही. टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा पेला उचलून तिने रंगरावांच्या हातात दिला. "हा कधी गंजलेला पाह्यला का काका? तार याच जातीची असते. अन् खरं सांगू, तुमचं हाड केव्हाच जुळलं. तार आता आत नुसती बसली हाय, तिच्यावर काही भार नाही."

रंगरावांनी पेला उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे आंब्याच्या कलमासारखं. जोड धरला की सुतळी राहो का जावो."

"हाव, तसंच."

"मंग एवढे दिवस मी सुतळीचीच राखण केली म्हना की!"

जीव भांड्यात पडला. पण भीती गेली म्हणून वण काही सुटत नसतो, त्याला रोजचा हात लागतो. आठवड्यातून एकदा नांदुरा, आणि बाकीचे दिवस घरी, असं ठरलं. घरचा हात अर्थातच सत्यभामाबाईंचा. पहिल्या दिवशी त्यांनी बाह्या वर सारल्या तेव्हा प्रेरणाने त्यांना अडवलं. "काकू, भाकर थापायची नाही अन् कणीकही मळायची नाही. दुधावरची साय बोटानं सरकवता ना? तेवढाच जोर."

हे त्यांना चटकन समजलं. रोज दिवेलागणीच्या आधी रंगराव खाटेवर आडवे व्हायचे आणि सत्यभामाबाई दोन थेंब खोबरेल घेऊन बसायच्या. पहिल्या आठवड्यात हात लागायच्या आधीच "मेलो" ऐकू यायचं. "अजून मी बसली बी नाही," त्या म्हणायच्या. दुसऱ्या आठवड्यात "मेलो" हात लागल्यावर येऊ लागलं, म्हणजे सुधारणाच. पुढे ते बंद झालं आणि गप्पा सुरू झाल्या. साय सरकवता सरकवता आहेर ठरले, रुसलेल्या मावशीला कोणी आणायचं ते ठरलं, जेवणात वांग्याची भाजी की आलू-वांगं यावर दोन दिवस भांडण झालं. पस्तीस वर्षांच्या संसारात ही दोघं रोज इतका वेळ एकमेकांशी बोलली नव्हती. मुळात कोणी कोणाजवळ इतका वेळ बसलंच नव्हतं. वणाची ती घट्ट पट्टी आधी कडेने सुटली, मग वरून, आणि एक दिवस सत्यभामाबाईंच्या दोन बोटांच्या चिमटीत चक्क कातडी उचलली गेली. "आली, आली!" त्या अशा ओरडल्या की बेबीताई पाहायला आल्या.

शिवाय व्यायाम होता. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकायचे आणि छाती सावकाश पुढे न्यायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय भाऊ, घर ढकलून राह्यले का?" रंगराव म्हणायचे, "हाव, तुमच्या अंगावर पाडतो." विनोद परत आला म्हणजे माणूस परत आला, हे घरात सगळ्यांना कळलं. तूर निघाली तेव्हा ते वावरात गेले, मोटर सुरू केली आणि पाइपाच्या धारेखाली उघडी छाती धरून उभे राहिले. थंडगार पाणी सरळ वणावर. बाप्पा, काय ते सुख! किती वेळ उभे होते त्यांनाच ठाऊक. शेवटी लाइट गेली म्हणून बाहेर आले.

"आता शेवटचा व्यायाम," प्रेरणा म्हणाली. "कोणाले तरी मिठी मारा. आधी हळू."

घरची तालीम सत्यभामाबाईंबरोबर झाली की नाही ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. पण ज्या एका माणसाला रंगरावांना मिठी मारायची होती, ती प्राची लग्नाची सुट्टी घेऊन आली तेव्हा ते खुर्चीतून उठले, दोन्ही हात पसरले आणि दारात उभे राहिले. प्राची दोन हातांवर थांबली. "वा, चांगला वर जाते की हात आता! चालू द्या बाबा व्यायाम," असं म्हणून बॅग घेऊन बाजूने आत गेली. रंगराव तसेच उभे राहिले. मग त्यांनी ते हात चौकटीला टेकले आणि खरंच व्यायाम केला. दुसरं काय करणार?

लग्नाचा दिवस उजाडला. बँड वाजवत वरात मांडवाच्या दारी आली. वामनराव पुढे, गुलाबी फेट्यात, आणि मागे खामगावची पोट्टी तोंडात बोटं घालून शिट्टीला तयार. रंगरावांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, श्वास घेतला आणि हात पसरले. यायचं ते येऊ दे!

आणि आलं काय? वामनरावांनी कच्च्या मडक्याला धरावं तसं दोन बोटांनी त्यांचे खांदे धरले, गाल जवळ आणला आणि मागे सरले. पोट्ट्यांची शिट्टी तोंडातच राहिली.

"काय हो व्याही," रंगरावांना राग आला, "ही काय भेट झाली?"

वामनराव कानाशी वाकले. "सूनबाईनं फोन करून बजावलं. म्हणे, माझ्या बाबाच्या छातीले धक्का लागला तर मी मांडवात उभी राहणार नाही. ते ऑपरेशनचं आम्हाले आधीच सांगायचं नाही का रंगराव? परके हाव का आमी?"

झाकली मूठ पोरीनेच उघडली होती. जी पोर आपल्यापासून दोन हात दूर राहत होती ती दुरूनच या छातीची राखण करत होती, कुंपणासारखी. आणि असं काही कळलं की हा माणूस पहिल्यापासून एकच गोष्ट करत आलेला. त्यांनी वामनरावांना धरलं, छातीशी ओढलं, पाठीवर दणका घातला आणि उचललं.

आता क्विंटलभराचं ते धूड. फार नाही, टाचा सुटल्या असतील. पण टाचा सुटल्या! वडनेरची पोरं शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेती झाली. वामनरावांचा फेटा कलला आणि ते हसत हसत ओरडले, "अरे, हा तं पैलवान निघाला!" रंगरावांच्या छातीत जरा ओढलं, नवा सदरा काखेत ओढतो तेवढं.

"बाबा!"

हसणं थांबलं. शेजारच्या बेबीताईंच्या घरात नवरीची खोली होती, तिच्या दारातून प्राची बाहेर आली होती. पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, मागे "अगं, थांब" म्हणत तिला ओढणाऱ्या करवल्या. डोळे मात्र नवरीचे नव्हते, भांडणाऱ्या पोरीचे होते.

"व्याह्याले उचलता येते तुमाले?" ती म्हणाली. "अन् मले? दीड वर्ष मले उंबऱ्यावर उभं केलं! मी रोज विचार करो, त्या दिवशी मी तुमचं काय तोडलं, काय तोडलं. कोणी मले सांगत नव्हतं!"

रंगरावांच्या डोक्यात कलम, सुतळी, पेला सगळं एकदम आलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "तू काही नाही तोडलं पोरी. मीच भेलो. मले वाटे, तार गंजते."

"कोणती तार?"

"सांगतो. नंतर सांगतो. आधी ये."

प्राची आली आणि सवयीने दोन हातांवर थांबली. तिचं तिलाच ते कळलं नाही. ते दोन हात मग रंगराव चालले. तिला जवळ घेतलं तेव्हा तिने मान छातीला न लावता बाजूला धरली, वण कुठे आहे ते तिला पाठ होतं.

"वणावरच ठेव डोकं," ते म्हणाले. "अन् जोरानं धर."

"दुखन तुमाले."

"दुखते थोडं. धर तू."

मग तिने धरलं, लहानपणी धरायची तसं. रंगरावांच्या सदऱ्याच्या गुंडीत मुंडावळ्या अडकल्या, करवल्या "सोडवा, सोडवा" करू लागल्या, बँडवाल्यांना वाजवावं की नाही कळेना. सत्यभामाबाई डोळे पुसत होत्या आणि कोणाकडेही पाहत नव्हत्या.

"मुहूर्त टळून राह्यला," आतून गुरुजी ओरडले.

"थांबा जरासे गुरुजी," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि गुरुजी थांबले.